शाळेची मागणी आणि ग्रामसभेचे मत

उद्देश : ग्रामपंचायतीच्या आराखड्यात व अंदाजपत्रकात शाळेसाठी तरतूद व्हावी म्हणून ग्रामस्थांचे मत कसे अनुकूल करावे, याचा शिक्षकांनी विचार करावा, हा या पाठाचा हेतू आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

नवी मुंबई ज्या भूमीवर वसली, ती ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांची. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, १९८९ साली न्हावा-शेवा येथे बंदर सुरू झाले आणि २०२५ साली विमानतळाचे उद्घाटन झाले. या काळात भातखाचरे व मिठागरे गेली, त्यांच्या जागी गोदामे व चाळी उभ्या राहिल्या. उरण व पनवेल तालुक्यांतील ज्या गावांत अद्याप ग्रामपंचायत आहे, तेथील अनेक शाळांचा पट पाहिला म्हणजे एक विसंगती ध्यानी येते. जुन्या कुटुंबांची पुष्कळशी मुले शहरातील इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात. गावच्या शाळेत येतात ती बहुधा बाहेरून आलेल्या कामगारांची. ग्रामसभेचे सदस्यत्व मात्र गावच्या मतदार यादीवरून ठरते आणि या कामगारांपैकी कित्येकांचे नाव त्या यादीत नसते. सारांश, ज्यांची मुले शाळेत आहेत त्यांना मत नाही आणि ज्यांना मत आहे त्यांची मुले शाळेत नाहीत. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे शिक्षक होय.

२. पूर्वपीठिका

शाळेसाठी गावाने पैसा देणे ही नवी गोष्ट नव्हे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाई व त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे जाई. सरकारी उत्पन्न रयतेच्या घामातून येते, तेव्हा तिच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाकडे आधी लक्ष द्यावे, असे महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडले. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. त्यात स्थानिक संस्थांना शिक्षणकर बसविण्याची मुभा होती. १९१२ साली ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

परदेशांतही हा प्रश्न आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात बहुतेक ठिकाणी शाळेचे वार्षिक अंदाजपत्रक दर मे महिन्यात रहिवाशांच्या मतास टाकले जाते. ज्यांच्या घरी शाळकरी मूल नाही तेही तेथे मत देतात. त्यांना हिशेब पटला नाही, तर अंदाजपत्रक नापास होऊ शकते.

३. हिशेब आधी, मागणी नंतर

'शाळेला मदत करा' हे वाक्य ग्रामसभेत ऐकले जाते आणि विसरलेही जाते. आकडा मात्र लक्षात राहतो. उदाहरणार्थ, ५० पटाच्या शाळेस २५,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळाले असे धरू. त्यातील किमान दहावा हिस्सा, म्हणजे २,५०० रुपये, स्वच्छतेसाठी. उरले २२,५००, म्हणजे महिन्यास १,८७५ रुपये. वीजबिल, खडू, कागद व किरकोळ दुरुस्ती यांतच भागवावी लागते. हा हिशेब मोठ्या अक्षरांत लिहून शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावावा. शाळेकडे किती आले व कोठे गेले हे गावाने आधी पाहिले, म्हणजे पुढील मागणीवर विश्वास बसतो.

मागणी थोडी व नेमकी असावी. दहा वस्तूंच्या यादीपेक्षा मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती व पिण्याच्या पाण्याची टाकी, एवढेच मागावे. निधीचे शीर्षही पाहावे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी राखून ठेवली होती. अशा वेळी तीच मागणी योग्य शीर्षाखाली मांडली, म्हणजे तिचा मार्ग सुकर होतो.

४. ज्यांना मत नाही त्यांचा आवाज

२००९ च्या बालशिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक व निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. येथे पालक असणे पुरेसे आहे, गावचा मतदार असण्याची अट नाही. यास्तव समितीची निवड पालकसभेतच व्हावी आणि तीत चाळीतील माता-पित्यांना त्यांचे स्थान मिळावे. त्यांची सभा रात्रपाळी व दिवसपाळी पाहून ठेवावी. शाळा विकास आराखडा याच समितीने करावयाचा असतो. त्यांच्या तोंडून निघालेली गरज आराखड्यात उतरली, म्हणजे ती ग्रामसभेपर्यंत पोहोचते.

५. ग्रामसभेपूर्वी व ग्रामसभेत

ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी असते. मोठ्या गावात शंभर माणसे निर्णय करतात. म्हणून घरोघर जाण्याचे काम समितीच्या सदस्यांनी आधीच्या आठवड्यात करावे. ग्रामसभेपूर्वी होणाऱ्या महिलासभेत स्वच्छतागृहाचा विषय अवश्य मांडावा, कारण त्याचे महत्त्व तेथे सांगावे लागत नाही.

सभेत एक आक्षेप हमखास येईल : "जमीन आमची गेली. आता पैसाही परक्यांच्या मुलांवर घालायचा काय?" या बोलण्यामागे खरे दुःख आहे. शिक्षकांनी ते हसण्यावारी नेऊ नये व त्यास उपदेशाने उत्तर देऊ नये. समितीच्या सदस्याने शांतपणे तीन गोष्टी सांगाव्यात. वित्त आयोगाचा निधी वाटताना लोकसंख्येला मोठे वजन असते आणि जनगणनेत घरमालक व भाडेकरू दोघेही मोजले जातात. चाळीची घरपट्टी मालक भरतो, पण ती भाड्यातूनच निघते. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांनाही शाळेत प्रवेश मिळेल हे पाहण्याचे कर्तव्य कायद्याने स्थानिक प्राधिकरणावर टाकले आहे. शेवटी गावातील एखाद्या वृद्ध माजी विद्यार्थ्यास बोलू द्यावे. ज्या फळ्यावर तो अक्षरे शिकला, तो फळा आजही गावचाच आहे, हे त्याच्याच तोंडी शोभते.

६. पथ्ये

शिक्षकांनी माहिती द्यावी, गटातटाची बाजू घेऊ नये. वर्गातील मुलांना घोषणा देण्यास लावू नये. ठराव झाला तर त्याची नक्कल शाळेच्या दप्तरी ठेवावी व काम पूर्ण झाल्यावर खर्च पुन्हा त्याच भिंतीवर लावावा. ठराव नामंजूर झाला, तर त्याचे कारण लिहून ठेवावे. पुढील सभेची तयारी तेथूनच सुरू होते.

चर्चेसाठी प्रश्न

(१) आपल्या शाळेतील किती मुलांचे पालक गावच्या मतदार यादीत आहेत?
(२) गतवर्षीच्या अनुदानाचा हिशेब ग्रामस्थांनी पाहिला आहे काय?
(३) आपल्या शाळेची सर्वांत निकडीची गरज एका वाक्यात व एका आकड्यात लिहा.