कार्यालयीन लॅपटॉप : मुभा कोठवर, मर्यादा कोठून?

दादरच्या पूर्वेस नायगाव येथे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतरच्या काही वर्षांत ४२ चाळी उभारल्या. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची व शौचालये सामाईक, अशी त्यांची रचना होती. गिरणी कामगार, पोलीस आणि शासकीय कर्मचारी यांच्या कित्येक पिढ्या तेथे वाढल्या. एवढ्याशा खोलीत देव्हारा कोठे असावा, माळा कसा घालावा, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. परंतु खांब, तुळई वा सामाईक नळ यांना हात लावणे हा एका बिऱ्हाडाचा खाजगी प्रश्न राहत नाही. एका खोलीतील तोडफोडीचा धोका वरच्या मजल्यापर्यंत पोचतो.

कार्यालयाने कर्मचाऱ्याच्या हाती दिलेल्या लॅपटॉपचेही असेच आहे. तो एकाच्या टेबलावर असला, तरी जाळ्याने इतर शेकडो संगणकांशी जोडलेला असतो. म्हणून त्यात काय बदलण्याची मुभा कोणास असावी, हे आधीच ठरविणे अगत्याचे ठरते.

दोन प्रकारची खाती

संगणकावर सामान्यतः दोन प्रकारची खाती असतात. साध्या खात्यातून पत्रे लिहिणे, तक्ते करणे, नोंदी भरणे ही नित्याची कामे होतात. ॲडमिनिस्ट्रेटर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रशासक खात्यातून मात्र नवी प्रणाली बसविणे, संरक्षक प्रणाली बंद करणे, इतरांची खाती उघडणे असे मूलगामी बदल करता येतात. प्रत्येकास त्याच्या कामापुरतेच अधिकार असावेत, हे तत्त्व साल्ट्झर व श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात स्पष्टपणे मांडले होते.

बंधन कशासाठी?

नायगावजवळच्या शिवडीच्या किनाऱ्यापलीकडे, खाडी ओलांडून, न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' या घातक प्रणालीचा जगभर प्रादुर्भाव झाला, तेव्हा मर्स्क समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या तेथील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. या प्रणालीचा उगम युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रणालीच्या सुधारित आवृत्तीत होता. विंडोजमधील उणिवांचा लाभ ती घेत असेच. शिवाय बाधित संगणकात सापडलेली प्रशासकाची ओळखपत्रे वापरून ती शेजारच्या संगणकांत शिरत असे. मर्स्कने आपले नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलर असल्याचे जाहीर केले. जेथे प्रत्येक यंत्रावर प्रशासकाचे अधिकार मोकळे असतात, तेथे अशा आगीस वाट आयतीच मिळते.

तलाठी कार्यालयातील फेरफार, ग्रामपंचायतीतील जन्म-मृत्यूची नोंद, शाळेतील विद्यार्थ्यांची माहिती हे सर्व आता संगणकावर असते. त्यातील एक यंत्र बंद पडले, तर दाखल्यासाठी आलेल्या नागरिकाचा हेलपाटा वाढतो. नोंदच बिघडली, तर त्याचा हक्क धोक्यात येतो.

काय रोखावे, काय मोकळे ठेवावे?

नवी प्रणाली बसविणे, विषाणुरोधक प्रणाली वा संरक्षक भिंत बंद करणे, यंत्राची तारीख व वेळ बदलणे आणि अनोळखी पेनड्राइव्ह लावणे, यांवर बंधन असावे. प्रशासक खात्याचा पासवर्ड प्रत्येक यंत्रासाठी वेगळा असावा. सुधारित आवृत्त्या जबाबदार कर्मचाऱ्याने वेळेवर बसवाव्यात. बंधन घातले म्हणून हे काम टळत नाही.

अक्षरांचा आकार, पडद्याचा उजेड, दृष्टिदोष असणाऱ्यांसाठीच्या सोयी यांत मात्र कर्मचाऱ्यास अडवू नये. मराठी युनिकोड कळफलक व आवश्यक मुद्रक यंत्र सुपूर्द करण्यापूर्वीच बसवून द्यावेत.

बंधनाची दुसरी बाजू

बंधन घातले, पण अडचण सोडविणारे कोणी नेमले नाही, तर ते बंधन फार काळ टिकत नाही. मुद्रकासाठी आठवडा थांबावे लागले की कर्मचारी घरच्या संगणकावर कार्यालयीन कागद नेतो. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून भिंतीस चिकटविला जातो. आणि डिजिटल स्वाक्षरीचे साधन विश्वासाने दुसऱ्याच्या हाती दिले जाते. ही स्वाक्षरी कायद्याने सहीच मानली जाते, हे तेव्हा विसरले जाते. अशा वेळी दोष केवळ कर्मचाऱ्याचा नसून व्यवस्थेचाही असतो.

यास्तव प्रत्येक कार्यालयाने तीन गोष्टी लेखी ठेवाव्यात : कोणते बदल वर्ज्य आहेत, नवी सोय हवी असल्यास कोणाकडे मागावी, आणि ती किती दिवसांत मिळेल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जेथे पाळले जाते, तेथे पहिल्या नियमाचे पालन करवून घेण्यासाठी फारसा धाक लागत नाही.