लष्करी नोटेवरील चार स्वातंत्र्ये

इतिहासाचा अभ्यास केवळ सनावळ्यांतून होत नाही. एखादी जुनी नोटही पाठ्यपुस्तकाचे काम करते. दुसऱ्या महायुद्धातील अशाच एका लष्करी चलनाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

जुलै १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या फौजा सिसिली बेटावर उतरल्या, त्यानंतर तेथे 'लष्करी लिरा' हे खास चलन आणले गेले. १०० लिरांस एक डॉलर आणि ४०० लिरांस एक पौंड असा दर ठरला. स्थानिक जनतेलाही या नोटा स्वीकाराव्या लागत. नोटा वाढल्या, वस्तू मात्र वाढल्या नाहीत, भाव भडकले. पुढे १९४६ मध्ये ब्रिटिशांनी जर्मनीतील आपल्या सैनिकांना निराळी व्हाउचरे दिली. ती केवळ लष्करी कँटीनसारख्या ठिकाणी चालत. सिगारेट, साबण काळ्या बाजारात विकून मिळालेले मार्क सैनिकांनी पौंडांत बदलून घेऊ नयेत, हा त्यामागील हेतू. रुपयाचे खरे स्थैर्य त्याच्या क्रयशक्तीत असते, हे बाबासाहेबांनी १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथातून मांडले होतेच.

इटलीच्या त्याच रणभूमीवर आपल्या जिल्ह्यातील, माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या काळी तेथे चालणाऱ्या लष्करी लिरांच्या पाठीवर इंग्रजीत चार स्वातंत्र्ये छापलेली होती: भाषणाचे, धर्माचे, अभावापासून मुक्तीचे आणि भयापासून मुक्तीचे.

गडबवरून जाणारा महामार्ग माणगाव ओलांडून महाडला पोहोचतो. तेथे २० मार्च १९२७ रोजी ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला आणि त्या हक्कावर उच्च न्यायालयाची मोहोर उमटण्यास १९३७ साल उजाडले. परदेशी नोटेवर स्वातंत्र्य छापणाऱ्या दोस्त राष्ट्रांपैकीच एकाच्या साम्राज्यात ही आमची स्थिती होती.

लष्करी चलन एका हुकमाने रद्दी होते. संविधानाने अस्पृश्यता नष्ट करून आम्हांस दिलेली हमी तशी नाही. तरीही तिचे मोल आपोआप टिकत नाही. नोटेमागे जशी वस्तू लागते, तसा हक्कामागे जागृत व शिक्षित समाज लागतो. तो घडविणे हेच वसतिशाळेचे कार्य होय. येथून बाहेर पडलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने ही हमी स्वतःच्या आचरणाने वटवावी, एवढीच आमची अपेक्षा.