शोकांतून उमटलेलें गीत

दुःख गिळून टाकणें म्हणजेच श्रद्धा, असें पुष्कळांस वाटतें. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय संगीतकार थॉमस डॉर्सी (१८९९–१९९३) यांचें चरित्र आम्हांस निराळा धडा देतें.

तारुण्यांत ते ‘ब्लूज’ नांवाचीं, विरहाचीं व हालअपेष्टांचीं लोकप्रिय गाणीं वाजवीत. सन १९३२ च्या ऑगस्टांत ते उपासनेंत गाण्यासाठीं सेंट लुईस शहरीं गेले असतां, इकडे शिकागोस त्यांची पत्नी प्रसूतींत वारली. नवजात पुत्रही लवकरच गेला. देवानें आपणांवर अन्याय केला, असें त्यांच्या मनानें घेतलें. कांहीं दिवसांनीं पियानोपाशीं बसून, एका जुन्या स्तोत्राच्या चालीवरून, प्रभूनें हात धरून न्यावें अशी विनवणी करणारें गीत त्यांनीं रचिलें. थकवा व दुबळेपणा त्यांत उघड बोलून दाखविले आहेत. ब्लूजच्या ज्या आर्त वळणांस कित्येक मंडळ्या प्रापंचिक म्हणून नाक मुरडीत, तींच डॉर्सींच्या हातीं प्रार्थनेच्या कामीं आलीं. सन १९६८ मध्यें डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधींत महॅलिया जॅक्सन यांनीं हेंच गीत गाइलें; एकाचा विलाप अनेकांचा आधार झाला.

विद्यार्थिमित्रहो, झांकलेली जखम भरत नाहीं. घरीं कोणी शोकाकुल असल्यास ‘रडूं नको’ म्हणण्यापूर्वीं आपण त्याच्याजवळ बसावें, आणि त्याच्या ओळखीच्या सुरांत एखादें गीत हळूच म्हणावें.