पहिला परदेशप्रवास : दोघांची पूर्वतयारी

चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटर अंतरावर, मामल्लपुरमकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यालगत, कोवलम नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. केरळातील सुप्रसिद्ध कोवलमशी त्याचे केवळ नाव जुळते. अठराव्या शतकाच्या आरंभी आजच्या बेल्जियममधील ऑस्टेंड बंदराच्या व्यापाऱ्यांची जहाजे येथे नांगर टाकीत असत. सम्राट सहावा चार्ल्स याने १७२२ मध्ये त्यांच्या कंपनीस सनद दिली. १७२७ मध्ये ती स्थगित झाली आणि १७३१ मध्ये कंपनीचा कारभार संपुष्टात आला. पुढे येथील किल्ला फ्रेंचांच्या ताब्यात गेला व १७५२ मध्ये क्लाइव्हने तो जिंकला. आता त्या वैभवाच्या खुणा फारशा उरलेल्या नाहीत. उरले आहेत ते कोळी, त्यांच्या होड्या आणि लाटा.

कोरोमंडलच्या या किनाऱ्यास नैसर्गिक खोल बंदर नाही. जहाज दूर उभे राही आणि माणसे लहान होडीतून फेसाळ लाटा ओलांडून काठास लागत. होडी पाण्यात लोटण्यापूर्वी येथील कोळी काही वेळ नुसता उभा राहतो. मोठ्या लाटांची रांग ओसरू देतो, जोडीदाराशी एक-दोन शब्द बोलतो आणि मग दोघेही एकाच क्षणी होडीला जोर लावतात. एकाने लोटले व दुसरा थबकला, तर होडी आडवी होते. पती-पत्नीच्या पहिल्या परदेशप्रवासास हा दृष्टांत सर्वस्वी लागू पडतो. तयारी दोघांची आणि एकाच वेळी झाली पाहिजे, हेच या प्रकरणाचे मुख्य प्रतिपादन आहे.

एक जुने उदाहरण

मराठी दांपत्याच्या परदेशगमनाचा विचार करताना आनंदीबाई व गोपाळराव जोशी यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. आनंदीबाईंचा जन्म १८६५ मध्ये झाला. नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळरावांशी झाला. पत्नीस शिकवावे हा गोपाळरावांचा ध्यास होता. पहिले अपत्य अवघ्या काही दिवसांत दगावल्यानंतर वैद्यकीय शिक्षण घेण्याचा निश्चय आनंदीबाईंनी केला. १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर येथील महाविद्यालयात भाषण करून त्यांनी आपला हेतू जाहीरपणे मांडला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या. गोपाळराव तेव्हा त्यांच्याबरोबर गेले नाहीत. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. तोवर गोपाळरावही अमेरिकेत पोहोचले होते. परंतु तेथील कडाक्याची थंडी, नऊवारी लुगड्याने नीट न झाकले जाणारे पाय आणि सवयीच्या शाकाहारी अन्नाचा अभाव यांनी आनंदीबाईंची प्रकृती खालावत गेली. थंडीपासून बचाव व्हावा म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. पण एवढ्या साध्या बदलाचाही खुलासा त्यांना पतीस पत्रातून करावा लागला. १८८६ च्या अखेरीस दोघे स्वदेशी परतली. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्री-विभागाच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झालेली होती. ते काम हाती घेण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्या काळी क्षयावर औषध नव्हते. त्यामुळे केवळ तयारी अपुरी पडली म्हणून हा शेवट झाला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि या प्रवासातून एक धडा निश्चित मिळतो. वस्त्र, अन्न आणि ऊब या बाबी क्षुल्लक नसतात. आणि योजना एकाची व शरीर दुसऱ्याचे असेल, तर शरीराची गाऱ्हाणी योजनेपर्यंत उशिरा पोहोचतात. आजच्या पंधरा दिवसांच्या सहलीतही हेच लहान प्रमाणात घडते. पती कार्यक्रम आखतो आणि पत्नीचे गुडघे दुखतात. किंवा पत्नी स्थळे ठरविते आणि पतीचा मधुमेह जेवणाच्या वेळा सांभाळू शकत नाही.

देशातच एक सराव

यास्तव परदेशी जाण्यापूर्वी दोघांनी देशातच, पण आपल्या भाषेच्या सीमेबाहेर, तीन-चार दिवसांचा एक सराव-प्रवास करावा. कोवलमसारखे गाव त्यास उत्तम. महाराष्ट्रातून येणाऱ्यास येथे पाटी वाचता येत नाही. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारही ध्वनींसाठी एकच अक्षर आहे, ही गोष्ट कळली तरी उपयोग होत नाही. दुकानदारास हिंदी येईलच, असा भरवसा नसतो. जेवणात पोळी गृहीत धरता येत नाही. म्हणजे परकेपणाचे बरेचसे घटक येथे आहेत. मात्र चलन आपले, कायदा आपला आणि घरी परतण्याची गाडीही आपली.

या सरावात तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, दोघे मिळून दिवसाला किती चालू शकतात. दुसरी, सलग तीन दिवस घरचे अन्न न मिळाल्यास पोट व स्वभाव यांची काय अवस्था होते. तिसरी व सर्वांत महत्त्वाची, नेहमी व्यवहार पाहणाऱ्या व्यक्तीने एक संपूर्ण दिवस स्वस्थ बसावे आणि दुसरीने वाहन ठरविणे, भोजनगृह शोधणे, पैसे देणे ही सर्व कामे करावीत. ज्या दांपत्यास हा दिवस कठीण जातो, त्यांनीच तो पुन्हा घ्यावा.

कागदपत्रे व नाव

पासपोर्ट प्रौढांस दहा वर्षांसाठी मिळतो. मात्र परतीच्या तारखेनंतर त्याची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी, हा सर्वत्र पाळण्याजोगा नियम होय. अनेक देशांत तसे बंधनच आहे. पती-पत्नींचे पासपोर्ट बहुधा निरनिराळ्या वर्षी काढलेले असतात. म्हणून दोन्हींच्या तारखा व कोरी पाने स्वतंत्रपणे तपासावीत.

मराठी माणसाचे नाव तीन भागांचे असते : स्वतःचे, वडिलांचे अथवा पतीचे, आणि आडनाव. पासपोर्टवर ते ज्या क्रमाने व ज्या वर्णलेखनाने छापले असेल, त्याच रीतीने तिकीट, व्हिसा व विमा या सर्व ठिकाणी यावे. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत येथेच घोटाळा होतो. आधारपत्रावर सासरचे नाव आणि पासपोर्टवर माहेरचे, असा प्रकार असल्यास तिकीट पासपोर्टप्रमाणे काढावे. विवाहानंतर नाव बदललेच पाहिजे, असे बंधन नाही. आणि डिसेंबर २०१६ मधील सुधारित नियमांनुसार पासपोर्टसाठी विवाहाचे प्रमाणपत्रही सक्तीचे राहिलेले नाही. आडनावाचा रकाना रिकामा असलेला पासपोर्ट मात्र काही देशांत अडचणीचा ठरतो. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ पासून अशा एकेरी नावाच्या पासपोर्टवर पर्यटकांस प्रवेश नाकारला आहे.

सर्व कागदांच्या दोन प्रती काढाव्यात. पतीच्या कागदांची प्रत पत्नीजवळ व पत्नीच्या कागदांची पतीजवळ असावी. तिसरी प्रत घरी विश्वासू नातेवाइकाकडे ठेवावी. पासपोर्ट हरवल्यास प्रथम स्थानिक पोलिसांत नोंद करावी व नंतर भारतीय वकिलातीत जावे. तेथे स्वदेशी परतण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र मिळू शकते. परराष्ट्र मंत्रालयाने २०१५ मध्ये ‘मदद’ नावाची तक्रार-नोंदणीची व्यवस्थाही सुरू केली आहे.

पैसा व आरोग्य

बहुतेक देशांच्या प्रवासासाठी एका व्यक्तीस एका खेपेस ३,००० अमेरिकी डॉलरांपर्यंतचे परकीय चलन रोख नेता येते. उरलेली रक्कम कार्डाच्या रूपाने न्यावी लागते. सामान्यतः भारतीय रुपये २५,००० पर्यंत जवळ बाळगता येतात. परंतु मर्यादेपेक्षा वाटणी अधिक महत्त्वाची. सगळी रोकड व सर्व कार्डे एकाच पाकिटात असतील, तर एका चोरीत दोघेही निष्कांचन होतात. दोघांजवळ निरनिराळ्या खात्यांची कार्डे असावीत आणि दोघांनाही ती वापरता यावीत. बँकेचा सांकेतिक अंक ज्या भ्रमणध्वनीवर येतो तो परदेशात चालू राहील की नाही, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

परदेशातील रुग्णालयाचे एका रात्रीचे देयक मध्यमवर्गीय कुटुंबाची कित्येक वर्षांची बचत गिळू शकते. म्हणून प्रवास-विमा हा काटकसरीचा विषय नव्हे. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यकच असतो. अर्ज भरताना रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांची माहिती लपवू नये. लपविलेला आजारच नेमका दाव्याच्या आड येतो. रोजची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि हातातील सामानात ठेवावीत. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील काही देशांसाठी पीतज्वराची लस लागते. तिचे प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते व २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. या प्रमाणपत्रावाचून तेथून परतणाऱ्यास भारतात सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाऊ शकते.

सामान

आपल्या स्वयंपाकघरातील निरुपद्रवी जिन्नस परक्या देशात अपराधाचे कारण ठरू शकतात. अनारशांवर लावली जाणारी खसखस संयुक्त अरब अमिरातीत निषिद्ध आहे. ऑस्ट्रेलियात खाद्यपदार्थ नेल्यास ते उतरताच जाहीर करावे लागतात. लपविल्यास दंड होतो. सुके खोबरे तेलकट व ज्वालाग्राही असल्याने विमानाच्या सामानात ते टाळावे. लोणच्याची बरणी, तूप व अत्तर ही सर्व द्रवपदार्थांच्या नियमात येतात : हातातील सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी कुपी चालत नाही. याउलट भ्रमणध्वनी भारित करण्याची सुटी बॅटरी हातातील सामानातच ठेवावी लागते; विमानाच्या पोटात ती ठेवता येत नाही. अमेरिकेत विजेचा दाब सुमारे १२० व्होल्ट असतो; त्यामुळे आपल्याकडील मिक्सर तेथे कामास येत नाही.

कपड्यांचीही वाटणी करावी. दोन पेट्या असल्यास ‘त्याची’ व ‘तिची’ अशी विभागणी न करता प्रत्येकीत दोघांचे दोन-दोन जोड ठेवावेत. म्हणजे एक पेटी गहाळ झाली तरी दोघांचीही सोय राहते. अंगावर मौल्यवान दागिने नेणे टाळावे. नेलेच, तर निघताना सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात-प्रमाणपत्र घ्यावे, अन्यथा परतताना ते आपलेच आहेत हे सिद्ध करणे कठीण जाते.

दोघांपैकी एक

शेवटी एका अप्रिय प्रश्नास सामोरे जाणे भाग आहे. प्रवासात दोघांपैकी एक आजारी पडले, तर दुसऱ्यास काय काय ठाऊक असेल? अनेक घरांत विमापत्राचा क्रमांक, निवासाचा पत्ता, परतीच्या तिकिटाची तारीख आणि बँकेचा व्यवहार या चारही गोष्टी एकट्या पतीस माहीत असतात. आणि औषधांची मात्रा, पथ्य व ॲलर्जी या गोष्टी एकट्या पत्नीस. रुग्णालयाच्या दारात उभे असताना ही वाटणी घातक ठरते. यास्तव एका कागदावर या सर्व बाबी मराठीत व इंग्रजीत लिहून दोघांनी त्याची एकेक प्रत जवळ बाळगावी आणि निघण्याच्या आदल्या दिवशी एकमेकांस ती मोठ्याने वाचून दाखवावी.

तसाच दुसरा संकेत चुकामूक झाल्यास कोठे थांबावयाचे याचा. शोधण्यासाठी दोघेही फिरू लागली, तर ती एकमेकांस सहजी सापडत नाहीत. एकाने ठरलेल्या जागी थांबावे व दुसऱ्याने तेथे यावे. हे घरीच ठरलेले असावे.

पहिल्या प्रवासासाठी फार दूरचा देश निवडण्याची आवश्यकता नाही. चेन्नईहून कोलंबो विमानाने सुमारे दीड तासाच्या अंतरावर आहे आणि तेथील घड्याळ भारताप्रमाणेच चालते. सिंगापूरचे घड्याळ अडीच तास पुढे असते. तेही शरीरास सोसते. अमेरिकेस गेल्यावर मात्र दिवस-रात्र उलटतात. पहिले दोन दिवस विश्रांतीचे ठेवले नाहीत, तर त्याची भरपाई पुढील आठ दिवस करावी लागते. कार्यक्रमात दर चौथा दिवस मोकळा ठेवावा व तो कसा घालवावयाचा हे, आदल्या दिवशी अधिक थकलेल्या व्यक्तीने ठरवावे.

कोवलमचा कोळी लाटांची ताकद कमी करू शकत नाही. तो केवळ तिची वेळ ओळखतो आणि जोडीदाराचा हात होडीला लागल्याची खात्री करून घेतो. परदेशप्रवासातील अडचणीही टाळता येतीलच असे नाही. विमान चुकेल, पेटी हरवेल, ताप येईल. पण ते घडेल तेव्हा दोघांनाही होडी सांभाळता यावी, एवढी तयारी प्रत्येक दांपत्याच्या हाती असते.