कागद व पुठ्ठ्याचा व्यापार : फिनलंड आणि चीन

शाळेतील वही, ग्रामपंचायतीचे दप्तर, तहसील कचेरीतील नस्ती आणि बाजारपेठेत जाणारी फळांची खोकी या साऱ्यांना कागद व पुठ्ठा लागतो. मात्र हा माल कोणत्या देशाने विकावा व कोणी विकत घ्यावा, हे कायमचे ठरलेले नसते. फिनलंड व चीन या दोन देशांचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

वनसंपत्तीवर उभा व्यापार

फिनलंडची सुमारे तीन चतुर्थांश भूमी वनांनी व्यापलेली असून लोकसंख्या साधारण ५५ लाख आहे. साहजिकच तेथील बहुतेक कागद परदेशी विकला जातो. १९१७ पर्यंत हा देश रशियन साम्राज्याचा भाग होता व त्याच्या कागदाचे मुख्य गिऱ्हाईक रशिया हेच होते. क्रांतीनंतर ती बाजारपेठ एकाएकी हातची गेली. तेव्हा गिरण्यांनी १९१८ मध्ये 'फिनपाप' ही सामाईक विक्रीसंस्था स्थापन केली आणि ब्रिटन आदी पश्चिमी देशांत नवे ग्राहक मिळविले. २००६ च्या सुमारास कागद व पुठ्ठ्याचे उत्पादन १ कोटी ४० लाख टनांवर पोहोचले. पुढे वाचक छापील पानाकडून पडद्याकडे वळला. २०२० मध्ये उत्पादन सुमारे ८२ लाख टनांवर उतरले आणि वृत्तपत्रीय कागद तयार करणारी देशातील अखेरची, कायपोला येथील गिरणी बंद झाली. आता तेथील उद्योगाचा भर पुठ्ठा व लगदा यांवर आहे.

रद्दीवर उभा उद्योग

चीन ही कागदाची जन्मभूमी. परंतु लाकडाची टंचाई असल्याने आधुनिक चिनी गिरण्यांनी परदेशी रद्दीचा आधार घेतला. तयार माल घेऊन पश्चिमेकडे गेलेली जहाजे परतताना रद्दी आणीत. त्यामुळे वाहतूक स्वस्त पडे. २००९ मध्ये उत्पादनात चीनने अमेरिकेला मागे टाकले. रद्दीची आयात पुढे वर्षाला अडीच ते तीन कोटी टनांच्या घरात गेली. तथापि रद्दीबरोबर घाणही येत असे. म्हणून २०१८ पासून न निवडलेल्या रद्दीवर बंदी आली व १ जानेवारी २०२१ पासून रद्दीची आयात पूर्णपणे थांबली. परिणामी लगदा व तयार पुठ्ठ्याची आयात वाढली. २०२० मध्ये कागद व पुठ्ठ्याची आयात १ कोटी टनांवर गेली.

तुलनेतून बोध

केवळ निर्यातीचा आकडा पाहून देशाचे सामर्थ्य मोजता येत नाही. कच्चा माल कोठून येतो आणि ग्राहक किती आहेत, हेही पाहावे लागते. फिनलंडकडे लाकूड होते, पण ग्राहकाची गरज बदलली; चीनकडे ग्राहक होता, पण कच्चा माल परक्याचा होता. भूगोलाच्या शिक्षकांनी आयात-निर्यातीचे तक्ते शिकविताना विद्यार्थ्यांपुढे हे दोन्ही प्रश्न ठेवावेत.

चीनने दार लावल्यावर जगातील बरीच रद्दी भारताकडे वळली. आपल्या अनेक गिरण्याही आयात रद्दीवर चालतात. याउलट गावोगावची रद्दी ओल्या कचऱ्यात मिसळून वाया जाते. भिजलेला, खरकटा कागद गिरणीच्या उपयोगाचा राहत नाही. कोरडा व वेगळा ठेवलेला कागद मात्र कच्चा माल ठरतो. शाळा, कार्यालये व ग्रामपंचायती यांनी एवढी दक्षता घेतली, तरी परकीय चलनाची काही बचत होईल आणि गावाच्या उकिरड्याचा भारही हलका होईल.