आधारसाधनांची सांगड : ज्ञानेश्वरांच्या जन्मशकाच्या निमित्ताने

मराठीतील बहुतेक प्रबंधांत पूर्वाभ्यासाचा आढावा घेणारे एक प्रकरण असते. त्यात प्रत्येक अभ्यासकाच्या वाट्याला एकेक परिच्छेद येतो आणि अखेरीस ‘याविषयी विद्वानांत एकमत नाही’ असे म्हणून प्रबंधकार मोकळा होतो. ही मतांची नोंदवही झाली, साधनांची सांगड नव्हे. सांगड घालावयाची तर मांडणी नावांनुसार न करता प्रश्नानुसार करावी लागते.

ज्ञानेश्वरांच्या जन्मशकाचा प्रश्न या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. एक परंपरा निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर, सोपानदेव व मुक्ताबाई यांचे जन्मशक अनुक्रमे ११९५, ११९७, ११९९ व १२०१ असे देते. जनाबाईंच्या नावावरील अभंगात हाच क्रम ११९०, ११९३, ११९६, ११९९ असा येतो. चरित्रग्रंथांतून आणि पाठ्यपुस्तकांच्या प्रस्तावनांतून शके ११९७ वारंवार भेटतो. परंतु वारंवारता हा पुरावा नव्हे. दहा ग्रंथांनी एकाच परंपरेवरून आकडा उचलला असेल, तर साक्षीदार एकच ठरतो.

दोन्ही क्रम शेजारी ठेवले की वेगवेगळे वाचताना निसटणारी एक गोष्ट लक्षात येते. पहिल्यात भावंडांमधील अंतर नेमके दोन वर्षांचे आहे, दुसऱ्यात नेमके तीन. असे घडणे अशक्य नाही. तथापि इतकी सारखी अंतरे प्रत्यक्ष नोंदीपेक्षा स्मरणसुलभ परंपरेची शंका अधिक निर्माण करतात. ही शंका दोन्ही पक्षांना सारखीच लागू पडते, हे मात्र आपापल्या पक्षाच्या आग्रहात विसरले जाते.

तिसरे साधन ज्ञानेश्वरीच्या अखेरीस आहे. तेथील ओवीत टीकेचा शक १२१२ (इ. स. १२९०) दिला असून सच्चिदानंदबाबांचा लेखक म्हणून निर्देश आहे. ही ओवी ज्ञानेश्वरांविषयी तृतीयपुरुषी बोलते, म्हणून तिचे प्रामाण्य वेगळे तपासणे आवश्यक ठरते. ग्रंथसमाप्तीच्या भागात यादव राजा रामचंद्र याचाही उल्लेख येतो आणि त्याची कारकीर्द (इ. स. १२७१ ते १३११) कोरीव लेखांसारख्या स्वतंत्र साधनांतून ज्ञात आहे. ग्रंथाच्या काळाला येथे बाहेरून आधार मिळतो. जन्मशकाला तो मिळत नाही, कारण दोन्ही आकडे या चौकटीत बसतात. ग्रंथरचनेच्या वेळी ज्ञानेश्वरांचे वय एका हिशेबाने पंधरा, दुसऱ्याने एकोणीस. शके १२१८ मधील समाधीच्या वेळी एकवीस किंवा पंचवीस.

‘पंधराव्या वर्षीची प्रतिभा’ या गृहीतावर रसिकतेचे इमले उभारणाऱ्या समीक्षेला हा फरक क्षुल्लक नाही. प्रबंधात अशा वेळी ‘ग्रंथकाळास स्वतंत्र साधनांचा दुजोरा आहे, जन्मशक परंपरागत असून दोन्ही पक्ष त्या काळाशी सुसंगत आहेत’ इतकेच विधान करता येते, आणि वयावर आधारलेला प्रत्येक पुढील निष्कर्ष सशर्त मांडावा लागतो. शके १५०६ मध्ये एकनाथांनी केलेल्या पाठशुद्धीमुळे ज्ञानेश्वरीच्या भाषेचा प्रश्न याहून बिकट होतो. तेथे ओवी कोणत्या प्रतीतून घेतली हे नोंदविल्याविना भाषिक कालनिर्णयाला हातच घालता येत नाही.