पाण्यातली मोटार आणि केबलचा जोड



उसाची पाळी तोंडावर आली आणि पाणबुडी मोटार बंद पडली, की आपण आधी मोटारीलाच दोष देतो. पुष्कळदा मोटार चांगली असते, बिघाड असतो केबलच्या जोडात. तांब्याची तार आणि विहिरीचं पाणी यांची गाठ पडू द्यायची नाही, एवढंच हे काम; पण ते नीट झालं पाहिजे.

पाण्यातून वीज का वाहते?
अगदी शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही. ती वाहते पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. पाणी-परीक्षणाच्या अहवालात ‘ईसी’ म्हणून जो आकडा असतो, ती हीच विद्युत वाहकता. शुद्ध पाण्यात हा आकडा ०.१ मायक्रोम्होपेक्षाही कमी असतो. ओलिताच्या पाण्यात तो ७५० च्या वर गेला की पाणी जादा क्षाराचं समजतात. म्हणजे जे पाणी उसाला वाईट, तेच उघड्या तारेलाही वाईट.

मोटारीच्या आत
पाणी भरलेल्या मोटारीत वायंडिंग पाण्यातच बुडालेलं असतं. जमिनीवरच्या मोटारीच्या तारेला इनॅमलचा पातळ लेप पुरतो. त्यात सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं तरी हवेत निभावतं, पाण्यात निभत नाही. म्हणून इथं तारेवर पीव्हीसीसारख्या प्लॅस्टिकचं सलग आवरण असतं. रिवायंडिंगला देताना अशीच तार घालायला सांगावी. साधं पीव्हीसी ७० अंश सेल्सिअसपर्यंतच टिकाव धरतं. व्होल्टेज कमी असताना किंवा पाणी आटलेलं असताना मोटार रेटली, की ते मऊ पडून आवरण जातं.

जोड असा करावा
१. मेन स्विच बंद करून फ्यूज काढून जवळ ठेवावेत.
२. तिन्ही तारा कमी-जास्त लांबीच्या कापाव्यात, म्हणजे जोड एकासमोर एक येत नाहीत.
३. तांबं घासून चकचकीत करावं. नुसता पीळ देऊ नये. नळी दाबून किंवा डाग देऊन जोडावं. टोकदार कुसळ राहिलं तर ते टेप फोडतं, म्हणून कानशीनं घासावं.
४. आवरण पॉलिश पेपरनं खरवडून कोरडं पुसावं. ओल्या हातानं टेप गुंडाळू नये.
५. आपोआप एकजीव होणारी रबरी टेप ताणून, निम्म्यावर निम्मी चढवत, दोन-तीन थर द्यावेत. चांगल्या आवरणावरही चार-पाच सेंटिमीटर टेप जावी. त्यावर पीव्हीसी टेप. नुसत्या साध्या टेपचा डिंक पाण्यात सुटतो आणि थरांमधून पाणी आत शिरतं.
६. तिन्ही जोड एकत्र घेऊन वरून पुन्हा तसंच गुंडाळावं.

विहिरीत सोडण्याआधी तपासा
जोड रात्रभर बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवावा, केबलची टोकं मात्र पाण्याबाहेर कोरडी असावीत. सकाळी वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरनं तार आणि पाणी यांमधला रोध मोजून घ्यावा. चांगल्या जोडाला तो कित्येक मेगओहम येतो. एकाच्या खाली आला, तर जोड सोडून पुन्हा करावा. मेनच्या विजेवर बल्ब लावून तपासण्याचा खेळ करू नये.

जीव महत्त्वाचा
जोडातून थोडी वीज गळत असेल तर फ्यूज जात नाही, मोटारही चालत राहते. पण अंगातून ३० मिलिअँपिअरपेक्षा जास्त वीज गेली तर जिवावर बेततं. पाइपाला किंवा स्टार्टरला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर ‘थोडा करंट मारतो’ म्हणून सोडून देऊ नका. लगेच मोटार बंद करा. स्टार्टर आणि पाइप यांना पक्का अर्थिंग असावा, आणि गळती होताच लाइन तोडणारा ब्रेकर वायरमनच्या सल्ल्यानं बसवावा. मोटार उचलताना दोर वापरावा; केबलला धरून ओढली की जोडच आधी सुटतो.

एका रात्रीच्या तपासणीनं पाळी फार तर एक दिवस पुढं जाईल. तेवढं ऊस सोसतो.